पेपरचा स्टॉल चालवायचा तर: जागेपासून रद्दीपर्यंत

पेपरच्या स्टॉलवर पैसा दोनच ठिकाणी अडकतो: जास्त मागवलेल्या अंकांत आणि उधारीत. पहाटे उठणं, पाऊस, सुट्या पैशांची मारामारी हे सगळं त्रासाचं खरं, पण त्यानं कुणी बुडत नाही. म्हणून खाली जागा, परवाना, मांडणी सगळं सांगितलं आहे, पण जास्त वेळ घेतला आहे तो ‘उद्या किती अंक मागवायचे’ या प्रश्नासाठी.

आणखी एक गोष्ट आधीच बोललेली बरी. नुसत्या दैनिकांच्या कमिशनवर आज घर चालत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत घरोघरचे पेपर बंद झाले, आणि त्यातल्या बऱ्याच घरांनी ते पुन्हा लावलेच नाहीत. स्टॉल, घरपोच लाइन (ठरलेल्या घरी रोज पेपर टाकणं), मासिकं आणि वर्षाअखेरचे दिवाळी अंक व कॅलेंडरं असं सगळं मिळून हिशेब जमतो. यातलं एक जरी जमणार नसेल, तर या धंद्यात शिरण्याआधी दोनदा विचार करा.

जागा

पेपर घेणारा माणूस थांबत नाही, जाता जाता घेतो. त्यामुळे स्टेशनजवळ जागा मिळाली एवढ्यावर खूश होऊ नका. लोक स्टेशनकडे *जाताना* कुठल्या फुटपाथवरून जातात ते बघा. संध्याकाळी परत येताना पेपर घेणारे अगदी थोडे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना विक्रीत दुपटीचा फरक पडू शकतो, कारण लोकल पकडायची घाई असलेला माणूस पाच रुपयांसाठी रस्ता ओलांडत नाही.

जागा पक्की करण्याआधी पहाटे साडेपाच ते सकाळी साडेनऊ तिथे नुसतं उभं राहून बघा. एक दिवस आठवड्यातला, एक रविवार. रविवारी स्टेशनचा रस्ता ओस पडतो आणि गर्दी दूध केंद्र, मंडई, बागेचं फाटक इकडे सरकते. शेजारी चहाची टपरी असेल तर उत्तम: चहा होईपर्यंत माणसाचे डोळे मोकळे असतात आणि हेडलाइन वाचली जाते. फुकटात वाचून जाणारेही तिथलेच, पण त्यांच्याशी भांडू नका. त्यातला एखादा महिन्याभरात गिऱ्हाईक होतो.

दुपारचं ऊन कुठून येतं तेही पाहून ठेवा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या स्टॉलवर मासिकांची मुखपृष्ठं काही दिवसांत विटतात, आणि विटलेला अंक एजन्सी परत घेताना कटकट करते.

परवाना, आणि ‘स्टॉल विकणे आहे’ ही भानगड

फुटपाथवरच्या विक्रीला २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो. महापालिका किंवा नगरपालिका सर्वेक्षण करते, नगर पथविक्रेता समितीमार्फत विक्री प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर जागा व अटी लिहिलेल्या असतात. अर्जदारानं वयाची १४ वर्षं पूर्ण केलेली असावीत, विक्री त्यानं स्वतः किंवा घरच्यांनी करावी, उपजीविकेचं दुसरं साधन नसावं, आणि प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्यानं किंवा अन्य कुठल्याही प्रकारे देऊ नये, या त्यातल्या मुख्य अटी.

ही शेवटची अट नीट वाचा. शहरात जुना स्टॉल ‘चालवायला’ किंवा थेट ‘विकत’ देणारे भेटतात, लाखांतले आकडे सांगतात. पण प्रमाणपत्र धारकाच्या मृत्यूनंतर किंवा तो कायमचा असमर्थ झाल्यास ते त्याच्या जोडीदाराकडे किंवा अवलंबून असलेल्या मुलाकडे जाऊ शकतं, तुमच्याकडे नाही. पैसे मोजून तुमच्या हातात पत्र्याची पेटी येते, जागेचा हक्क येत नाही. त्यापेक्षा सर्वेक्षणाच्या वेळी जागेवर हजर राहून स्वतःच्या नावाची नोंद करून घ्या, आणि नोंदीची पोच, जागेचे फोटो, एजन्सीची बिलं जपून ठेवा. अमुक ठिकाणी तुम्ही खरंच विक्री करता याचा एजन्सीच्या बिलासारखा पुरावा नाही.

पालिकेनं माल उचलून नेला तर घाबरून जाऊ नका. जप्तीची यादी मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि नाश न पावणारा माल दावा केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा असं कायदा सांगतो. दैनिकाला मात्र दोन दिवस म्हणजे जन्मभर. तेव्हा यादीत मासिकं आणि पुस्तकं नीट मोजून लिहून घ्या, पेपरावर पाणी सोडा.

रेल्वेच्या हद्दीत हा कायदा चालत नाही. फलाटावरचा स्टॉल, स्टेशनच्या आवारातली जागा, हे सगळं रेल्वेच्या स्वतःच्या निविदांनी ठरतं. तिथं १८७७ मध्ये अलाहाबादला सुरू झालेल्या व्हीलरसारख्या जुन्या पुस्तकविक्री कंपन्यांचा पिढ्यान् पिढ्या वावर आहे. नव्या माणसानं स्टेशनच्या बाहेरची जागा बघितलेली बरी.

भांडवल लागलंच तर पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना आहे. २०२५ मधल्या बदलानंतर पहिलं कर्ज १५ हजारांपर्यंत, वेळेत फेडलं तर पुढचं २५ हजार आणि मग ५० हजार अशी रचना आहे. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचा माल एवढ्यापुरतं ते ठीक. दिवाळी अंकांच्या खरेदीसाठी मात्र कर्ज काढू नका. का ते पुढे येईलच.

एजन्सीशी बोलताना

दैनिकं थेट कचेरीतून स्टॉलला मिळत नाहीत. छापखान्यातून टेम्पो-टॅक्सीनं गठ्ठे ठरलेल्या सेंटरवर उतरतात, तिथे एजंट वाटप करतात, तुम्ही एजंटकडून घेता. कमिशन किती एवढंच विचारून लोक मोकळे होतात. त्याहून महत्त्वाचे प्रश्न असे:

- परतावा (न विकलेले अंक परत घेणं) किती टक्के, आणि किती दिवसांत?
- गठ्ठ्यात अंक कमी निघाले तर किती वाजेपर्यंत कळवायचं?
- भिजलेले किंवा पुरवणीशिवाय आलेले अंक कुणाच्या माथी?
- गाडी उशिरा आली तर न विकलेल्या अंकांचं काय?
- अंक वाढवायचे-कमी करायचे असतील तर आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं?

उत्तरं तोंडी चालतील, पण एकदा मेसेजवर लिहून पाठवा: ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे…’ एवढं पुरतं.

गठ्ठा ताब्यात घेताना तिथेच मोजायचा. घडीची बाजू आपल्याकडे, अंगठ्यानं कडा सोडत पाच-पाचच्या झुपक्यानं. सराव झाला की शंभर अंकांना मिनिटही लागत नाही. गठ्ठ्याच्या वरचा आणि खालचा अंक उलटून पाहा. दोरीनं कापलेले, फाटलेले अंक बहुधा हेच दोन. पुरवणी वेगळ्या गठ्ठ्यात आली असेल तर तीही मोजा. रविवारी पुरवण्या कमी पडल्या की सगळा सकाळचा वेळ गिऱ्हाइकांची बोलणी खाण्यात जातो.

आवृत्ती कुठली येते तेही विचारून घ्या. लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती लवकर छापून निघते, त्यामुळे उशिराच्या बातम्या तिच्यात नसतात. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तो सामना पावसामुळे लांबून रात्री फार उशिरा संपला. असा दिवस असला की दुसऱ्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक विचारणार, ‘कालचं आलंय का यात?’ शहर आवृत्ती मिळण्याची सोय असेल तर अशा दिवशी आधीच सांगून ठेवावी आणि अंकही वाढवून घ्यावेत, कारण हा पेपर लोक जपून ठेवायला घेतात.

कुठल्या भाषांचे पेपर ठेवायचे हे आजूबाजूची वस्ती सांगते. घाटकोपर-मुलुंडला गुजराती पेपरांशिवाय स्टॉल अर्धा रिकामा. १८२२ पासून निघणारा ‘मुंबई समाचार’ आजही मागितला जातो. माटुंग्याला तमिळ आणि मल्याळम. सुरुवातीला प्रत्येकाचे दोन-तीनच ठेवा. परभाषक गिऱ्हाईक फार निष्ठावान असतं: आपला पेपर जिथे मिळतो तिथूनच बाकीचंही घेतं.

उद्या किती अंक?

आता मुख्य विषय. एक उदाहरण धरू. पेपरची छापील किंमत ५ रुपये, कमिशन ३० टक्के, परतावा नाही. म्हणजे अंक तुम्हाला ३ रुपये ५० पैशांना पडला. विकला तर दीड रुपया सुटतो. नाही विकला तर रद्दीत जातो. सोळा पानी मोठ्या आकाराचा पेपर साधारण ६० ग्रॅम भरतो, म्हणजे किलोत सोळा-सतरा अंक. रद्दीचा भाव किलोला १५ रुपये धरला तर अंकामागे नव्वद पैसे परत आले. नुकसान झालं २ रुपये ६० पैसे.

म्हणजे एक अंक जास्त मागवल्याचा तोटा हा एक अंक कमी मागवल्याच्या तोट्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट आहे. तरीही नवा विक्रेता रोज ‘गिऱ्हाईक परत जायला नको’ म्हणून चार अंक जास्त ठेवतो. चार अंक उरले की जवळपास साडेदहा रुपये गेले. ते भरून काढायला सात अंक विकावे लागतात. हेच दहा पेपरांच्या बाबतीत, महिनाभर. कमिशन कुठे जातं ते कळलं ना?

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हे गणित पेपरविक्रेत्याच्याच नावानं शिकवतात. आपल्याला सूत्राची गरज नाही, वही पुरे.

प्रत्येक पेपरासाठी एक पान करा. रोज लिहा: आले किती, उरले किती, आणि संपल्यावर किती जणांनी विचारलं. हा तिसरा आकडा कुणी लिहीत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. साडेआठला पेपर संपला आणि त्यानंतर तिघांनी मागितला तर वहीत तीन उभ्या रेघा मारा. विक्री चाळीस, मागणी त्रेचाळीस. नुसती विक्री लिहिलीत तर वही तुम्हाला कायम तुमचीच ऑर्डर परत दाखवेल.

महिना झाला की रविवार बाजूला काढा. त्यांचा हिशेब वेगळा. उरलेल्या २६ दिवसांची मागणी चढत्या क्रमानं लिहा: सगळ्यात कमी आधी. आता नफा भागिले (नफा अधिक तोटा), म्हणजे १.५० भागिले ४.१०, उत्तर सुमारे ०.३७. छत्तीस-सदतीस टक्क्यांवरचा आकडा शोधायचा: २६ मधला दहावा. तीच तुमची रोजची ऑर्डर. समजा मागणी ३१ पासून ४८ पर्यंत हलते आणि दहावा आकडा ३८ आहे, तर ३८ मागवा. दर तीन दिवसांतले जवळपास दोन दिवस पेपर संपेल, काही जण रिकाम्या हातानं जातील, आणि तरीही महिनाअखेर हातात जास्त पैसे राहतील. ओळखीच्या गिऱ्हाइकाचा अंक बाजूला काढून ठेवायचा म्हणजे रिकाम्या हातानं जाणारा तो नसेल.

परतावा मिळत असेल तर सगळं चित्र पालटतं. परत केलेल्या अंकाचे पूर्ण पैसे मिळत असतील तर जास्त मागवण्यात धोका राहत नाही, मर्यादेपर्यंत मोकळेपणानं मागवा. म्हणून मघाशी म्हटलं, कमिशनच्या एक-दोन टक्क्यांसाठी घासाघीस करण्यापेक्षा परताव्याच्या टक्क्यांसाठी करा.

सुट्ट्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीला लावा. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला काम बंद असल्यानं २७ जानेवारी आणि १६ ऑगस्टला बहुतेक मराठी दैनिकं निघत नाहीत. काही सणांनंतरही तसंच. त्या दिवसांची मागणी वहीत शून्य लिहू नका, ते दिवसच वगळा.

मासिकं आणि दिवाळी अंक

मासिकांचा जागा खाण्याचा गुण मोठा. नियम साधा ठेवा: परताव्यावर मिळतं तेच ठेवायचं, नाहीतर गिऱ्हाइकानं सांगितल्यावर मागवायचं. नव्या अंकासोबत जुना परत गेलाच पाहिजे. तारीख चुकली की अंक तुमचा. स्पर्धा परीक्षांची मुलं असलेल्या भागात ‘योजना’, ‘लोकराज्य’ आणि नोकरीच्या जाहिरातींची साप्ताहिकं हमखास जातात. लहान मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ ठेवा. ते खालच्या ओळीत, मुलाच्या डोळ्यांसमोर येईल असं.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची, आणि स्टॉलवाल्याच्या वर्षाचा तो सुगीचा काळ आहे. पण सुगीतच सगळ्यात जास्त माल अंगावर पडतो. एका अंकाची किंमत दोनशे-चारशे रुपये. दहा अंक राहिले की एखाद्या दैनिकाची महिन्याभराची कमाई अडकते. कर्ज नको म्हटलं ते यासाठी. ठरावीक मागणीचे विनोदी, रहस्यकथांचे, भविष्याचे अंक आधी घ्या. साहित्यिक अंकांसाठी आपल्या नेहमीच्या वाचकांची नावं दसऱ्यालाच लिहून घ्या, शक्य तर अर्धे पैसे आगाऊ. जवळच्या वाचनालयाला आणि सोसायटीला विचारा, त्यांना संच हवा असतो. बाकी सगळं परताव्यावर, आणि परत करायची शेवटची तारीख पावतीवर लिहून घेऊन.

लक्ष्मीपूजन उलटलं की विक्री उतरते, तुळशीच्या लग्नापर्यंत रेंगाळते. त्यानंतर अंक दर्शनी ठेवू नका. ती जागा कॅलेंडरांना द्या. डिसेंबरात भिंतीवरच्या कॅलेंडराला तोड नाही, आणि अगदी पेपर न वाचणारं घरही ते घेतं.

लाइन

घरपोच लाइन म्हणजे ठरलेली विक्री. उरण्याचा प्रश्नच नाही, म्हणून स्टॉलला जोडून पन्नास-साठ घरं तरी असावीत. घरपोच देण्याचे वेगळे पैसे पहिल्याच महिन्यात सांगून टाका. नंतर वाढवायला गेलं की कुरकुर होते. बिल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, खाडे वजा करून, दारात. गावाला जाणाऱ्यांनी पेपर बंद-चालू कधी करायचा ते मेसेजवर कळवायचं अशी सवय लावा. दोन महिन्यांची उधारी झाली की पेपर बंद, मग समोर कुणीही असो. तिसऱ्या महिन्यात ते घर सोडून जातात.

पेपर टाकायला मुलगा ठेवताना वय बघा. १४ च्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि १८ पूर्ण न झालेल्याला संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कामाला लावता येत नाही. म्हणजे आपल्या कामाच्या वेळेत तो चालणारच नाही. अब्दुल कलाम लहानपणी रामेश्वरमला पेपर वाटायचे, म्हणून त्यांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला आपण विक्रेता दिन साजरा करतो. पण तो काळ वेगळा होता.

पेपरात जाहिरातपत्रकं घालून देण्याचे वरचे पैसे मिळतात. हजारी दर ठरवा आणि पैसे आधी घ्या. निवडणुकीच्या दिवसांत मात्र पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलेला नसेल तर हात लावू नका. असं पत्रक छापणं आणि प्रसिद्ध करणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि चौकशी आली की पहिला सापडतो तो वाटणारा.

मांडणी आणि पाऊस

दैनिकं एकावर एक अशी सरकवून ठेवा की प्रत्येकाचं नाव आणि पहिली हेडलाइन दिसेल. सगळ्यात जास्त खपणारा पेपर उजव्या हाताशी, तुमच्या. गर्दीत तुमचे दोन सेकंद वाचतात. वर लोखंडी पट्टी किंवा दगड. मासिकं दोरीला चिमट्यांनी, पण चिमटा मुखपृष्ठाच्या कोपऱ्याला नको, पाठीच्या कण्याकडे. वळ उठलेला अंक कुणी घेत नाही.

पावसाळ्यात गठ्ठे जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवा, खालून ओल चढते. ताडपत्री पुढे दोन फूट तिरकी बांधा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या छत्रीचं सगळं पाणी अंकांवर. एकेक पेपराचे चारच अंक बाहेर, बाकी झाकून. भिजलेला पेपर उन्हात टाकू नका, तो पापडासारखा वाकडा होतो. दोन कोरड्या पेपरांच्या मधे दाबून ठेवा.

पैसे आणि रद्दी

क्यूआर कोड लावाच, पण आवाज देणाऱ्या यंत्राचं महिन्याचं भाडं पेपरांच्या कमिशनमधून किती अंकांचं होतं ते मोजून मग ठरवा. गर्दीच्या स्टॉलला ते परवडतं, शांत गल्लीत नाही. सुट्या पैशांसाठी आदल्या संध्याकाळी शेजारच्या चहावाल्याशी किंवा बसच्या कंडक्टरशी ओळख ठेवा. भवानीलाच पाचशेची नोट आली की सगळी सकाळ बिघडते. पेपर, मासिकं आणि पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे त्या बाजूनं कागदपत्रांची कटकट नाही.

न विकलेला, न उलगडलेला पेपर ही कोरी रद्दी. घरगुती रद्दीपेक्षा तिला भाव जास्त मिळतो. दोन्ही एकत्र बांधू नका. काच-भांडी विकणारे आणि सामान हलवणारे लोक ती आनंदानं घेतात. वडापाव-भजीवाल्यांना मात्र देऊ नका. छापील कागदात खाद्यपदार्थ गुंडाळायला अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, शाई पोटात जाते. रद्दी आठवड्याला विका. साठवली की वाळवी, आणि भाव वाढेल म्हणून वाट बघण्याइतका तुमच्याकडे माल नसतो.

शेवटची गोष्ट, पण पहिल्याच महिन्यात उरकायची. पहाटे चारला सायकल किंवा दुचाकीवर गठ्ठे घेऊन निघणाऱ्या प्रत्येकानं, स्टॉलवाल्यानं आणि लाइनच्या माणसानंही, बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्यावा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण, वय १८ ते ७०. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापला जातो, तेव्हा खात्यात पैसे ठेवा. आणि गाडीच्या मागच्या गठ्ठ्याला लाल परावर्तक पट्टी चिकटवा. काळोखात मागून येणाऱ्या ट्रकला दिवा गठ्ठ्याआड दिसत नाही.